चुकलेली गोळी, लागलेली गोळी

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २०१६ पर्यंत एक मजेशीर प्रसंग कायद्यानं शक्य होता. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात एक शेतकरी थ्री-ओ-एट रायफल घेऊन उभा आहे. समोरून कायोटी आला, म्हणजे कोल्ह्यापेक्षा थोरला आणि लांडग्यापेक्षा धाकटा असा तिकडचा उपद्रवी प्राणी, तर शेतकऱ्यानं खुशाल चाप ओढावा. रायफल केवढी, गोळी केवढी, कुणी विचारणार नाही. त्याच जागी, त्याच मिनिटाला, कायोटीच्या मागोमाग हरीण आलं, तर मात्र तीच रायफल सार्वजनिक सुरक्षेला धोका! हरणासाठी घरी जायचं आणि दुसरी बंदूक घेऊन यायचं. हरणानं तोवर थांबायचं. समोर कोण आहे ते पाहून गोळी आपला पल्ला कमी-जास्त करते, अशी तिथल्या नियम करणाऱ्यांची श्रद्धा असावी.

या श्रद्धेचं मूळ जमिनीत आहे. इंडियाना, ओहायो, इलिनॉय, आयोवा हा बराचसा मुलूख तव्यासारखा सपाट. डोंगर नाही, दरी नाही. मका आणि सोयाबीनची शेतं, मधूनमधून घरं, रस्ते, शाळेच्या बस. अशा ठिकाणी रायफलची गोळी चुकली तर ती अडवायला काही नाही, म्हणून हरणाच्या शिकारीला शॉटगनच वापरायची, असा दंडक पडला. आपल्याकडे जुने लोक जिला 'बारा बोअर' म्हणत तीच ही. तिच्यात छर्‍यांऐवजी शिशाची एकच जाड गोळी घालायची, तिला म्हणतात स्लग. नाहीतर ठासणीची बंदूक आहे, धनुष्यबाण आहे. रायफल फक्त डोंगराळ राज्यांतल्या लोकांनी वापरायची.

दंडक आला की पळवाट आलीच. २००७ मध्ये इंडियानानं थोडी सूट दिली. पिस्तुलाचं काडतूस चालणारी रायफल हरणाला चालेल, पण मापात. गोळीचा व्यास ०.३५७ इंचाहून कमी नको, काडतुसाची पितळी नळी १.१६ इंचाहून आखूड नको आणि १.६२५ इंचाहून लांब नको. सरकारनं फूटपट्टी काढली म्हटल्यावर लोकांनी करवत काढली. मोठ्या रायफलची दणकट काडतुसं घ्यायची, नळी कापून कायद्यात बसेल एवढी आखूड करायची, तोंडाशी जाड गोळी बसवायची. पुढे सरकारनं १.६२५ चे १.८ केले, तशी करवतही पुढे सरकली. अशा एका घरगुती काडतुसाचं नाव '३५८ हूझियर'. हूझियर म्हणजे इंडियानाचा माणूस. नियमातून वाट काढण्याच्या कलेला आपल्या राज्याचं नाव देणारे लोक मला तरी आपलेच वाटतात.

मग कंपन्यांना जाग आली. ओहायो आणि मिशिगननं २०१४ च्या सुमारास सरळ भिंतीच्या नळीची काडतुसं चालतील असं ठरवलं. नळी वर निमुळती होत असेल तर धोकादायक, सरळ असेल तर सभ्य, असा एकूण भाव. विंचेस्टर कंपनीनं २०१९ मध्ये '३५० लेजंड' नावाचं काडतूस बाजारात आणलं, ते या राज्यांच्या नियमांत चपखल बसेल असं. २०२३ मध्ये रेमिंग्टनचं '३६० बकहॅमर' आलं, तेही त्याच मापाचं. बंदुकीवर लगाम घालण्यासाठी कायदा केला आणि त्यातून बंदूकवाल्यांना दोन नवी दुकानं मिळाली. इतकं आज्ञाधारक उद्योगक्षेत्र दुसरीकडे पाहायला मिळणार नाही.

आता मूळ भांडण. इंडियानाच्या वन्यजीव खात्यानं २०१५ च्या सुमारास प्रस्ताव मांडला की हरणाच्या शिकारीला मोठ्या ताकदीची रायफल चालू द्यावी. लोक खवळले. शेताच्या कडेला राहणाऱ्यांना वाटलं, आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोळी येणार. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याच्या भिंतीपलीकडे नोव्हेंबरात बंदुका वाजतात त्याला ती वाटणारच. पण विरोधकांमध्ये मोठा भरणा खुद्द शिकाऱ्यांचा होता. हे बंदुकीला भिणारे लोक नव्हेत. कपाटात चार-चार बंदुका असलेले. त्यांचंही म्हणणं 'सुरक्षा'च होतं, पण दोन वाक्यांनंतर गाडी शिंगांवर यायची.

ते असं आहे. इंडियानात २००२ पासून एका शिकाऱ्याला वर्षाला एकच नर मारता येतो. त्यामुळे लोक लहान शिंगांचा नर सोडून देतात, तो वाढतो, चार-पाच वर्षांनी त्याच्या डोक्यावर भिंतीवर टांगण्याजोगा मुकुट येतो. शॉटगनचा भरवशाचा पल्ला शंभर यार्डांच्या आसपास. म्हातारा हुशार नर दोनशे यार्डांवरून शेत ओलांडतो आणि मचाणावरच्या माणसाला ठेंगा दाखवतो. शेजाऱ्याच्या हातात रायफल आली की तो नर शेजाऱ्याच्या भिंतीवर जाणार. म्हणजे गोळी माणसाला लागेल या भीतीइतकीच ती 'माझ्या' हरणाला लागेल ही भीतीही खरी. जनसुनावणीत मात्र शिंगांचं दुःख मांडता येत नाही. तिथं शाळेच्या बसचंच नाव घ्यावं लागतं.

समर्थकही काही कमी नव्हते. त्यांनी पर्यटन काढलं, व्यापार काढला, म्हाताऱ्यांचे आणि मुलांचे खांदे काढले. शॉटगनचा स्लग खांद्याला असा दणका देतो की बारा वर्षांचं पोर पुन्हा बंदूक हातात धरत नाही, त्यामानानं टू-फोर्टी-थ्री रायफल मऊ, हा मुद्दा तर खराच आहे. पण त्याच दमात 'स्वातंत्र्य' आलं, घटना आली. हरीण मारण्याचा हक्क तेवढ्यावर टेकला आहे, हे ऐकून घटना लिहिणारेही चमकले असते.

या सगळ्या गदारोळात कामाचा कागद आधीच लिहून झाला होता. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानं २००७ मध्ये एक तांत्रिक अभ्यास करवून घेतला होता: शॉटगन आणि ठासणीची बंदूक खरोखर रायफलपेक्षा कमी धोक्याची आहे का? उत्तर असं आलं की बंदूक आकाशाकडे तिरकी धरून झाडली, तर रायफलची गोळी चार किलोमीटरच्या पुढे जाते, स्लग तीनच्या आसपास पडतो. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. पण हरीण काही आकाशात चरत नाही. जमिनीच्या पातळीवर, समोर झाडली, तर चित्र उलटं होतं. रायफलची गोळी हलकी आणि वेगवान. जमिनीवर आपटली की तिचा जोर बराच मोडतो. स्लग जड, संथ आणि ढिम्म; तो जमिनीवर आपटून उसळी घेतो आणि रायफलच्या गोळीपेक्षाही पुढे जातो. पन्नास वर्षं ज्याला निरुपद्रवी समजून हातात दिलं ते तितकंसं निरुपद्रवी नव्हतं. या कागदानं कुणाचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. मत आधी ठरतं, कागद नंतर शोधला जातो, आणि हा प्रकार काही अमेरिकेतच होतो असं नाही.

लोकांचा विरोध पाहून इंडियानाच्या खात्यानं प्रस्ताव गुंडाळला. तज्ज्ञ माघारी वळले की पुढारी पुढे होतात. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, विधिमंडळानं सरळ कायदा केला आणि गव्हर्नर माइक पेन्स यांनी सही केली. त्यानंतर काही महिन्यांत ते उपाध्यक्षपदाच्या प्रचाराला लागले. हरणं मागे राहिली. कायद्यानं मोजून पाच प्रकारची काडतुसं मान्य केली, त्यात थर्टी-ऑट-सिक्सही. हे काडतूस अमेरिकी सैन्यानं १९०६ मध्ये स्वीकारलं आणि त्यावर दोन महायुद्धं लढली. शिकाऱ्यानं रानात अशी दहाच काडतुसं जवळ बाळगायची. आणि रायफल चालवायची ती फक्त खासगी जमिनीवर. सरकारी रानात नाही. म्हणजे कुंपणाच्या अलीकडे ती सुरक्षित, पलीकडे धोकादायक. गोळीला सातबारा वाचता येत असल्याशिवाय या कलमाला अर्थ नाही. पण तडजोड म्हणतात ती हीच: दोन्ही बाजूंना थोडं थोडं दिलं की कलमाला अर्थ असण्याची गरज उरत नाही.

मग काय झालं? काही नाही. खिडक्यांतून गोळ्या आल्या नाहीत, आणि हरणांचा नायनाटही झाला नाही. आधी वर्षाला लाख-सव्वा लाख हरणं मारली जात, नंतरही आकडा तिथंच घुटमळला. कारण किती हरणं मारायची ते परवान्यावर ठरतं, बंदुकीवर नाही. शिकारीच्या मोसमात जखमी होणाऱ्यांत मोठा वाटा आजही मचाणावरून खाली पडणाऱ्यांचा आहे. मचाणाच्या पट्ट्याविषयी एवढी जंगी जनसुनावणी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि तरीही हे भांडण राज्याराज्यांतून फिरतं आहे. इलिनॉयनं २०२३ मध्ये एकेका गोळीची रायफल मान्य केली. मिनेसोटानं २०२५ मध्ये शॉटगनचा जुना पट्टा मोडला आणि निर्णय जिल्ह्यांवर ढकलला. प्रत्येक ठिकाणी तेच संवाद: पल्ला, वेग, खिडकी, बस, शिंगं, घटना. सगळे बोलतात ते चुकलेल्या गोळीविषयी. जी गोळी हरणाला लागते तिचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात ते हे.

लागलेल्या गोळीची गोष्ट २००८ ची आहे, नॉर्थ डकोटातली. तिथल्या शिकाऱ्यांनी गरिबांच्या फूड पँट्रीला हरणाचा खिमा दान केला होता. एका डॉक्टरला, जो स्वतः शिकारी होता, शंका आली. त्यानं शंभरेक पुड्या सीटी स्कॅनमधून काढल्या. निम्म्याहून जास्त पुड्यांमध्ये धातूचे कण चमकले. धातू म्हणजे शिसं. आरोग्य खात्यानं तो खिमा फेकून द्यायला सांगितलं. शिकाऱ्यांच्या संघटना चिडल्या. हा शिकार बंद पाडण्याचा कट आहे म्हणाल्या. मग केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेनं त्या राज्यातल्या ७३८ जणांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं. घाबरून जावं एवढं नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. पण लहान मुलांच्या बाबतीत शिशाची 'एवढ्यापर्यंत चालेल' अशी पातळीच नसते, हे डॉक्टर केव्हापासून सांगताहेत.

त्याच वर्षी मिनेसोटाच्या वन्यजीव खात्यानं मेलेल्या मेंढ्यांवर गोळ्या झाडून मोजणी केली. रायफलची झटकन फुटणारी शिशाची गोळी एका मेंढीत सरासरी १४१ तुकडे सोडून गेली. ते तुकडे जखमेपासून वीतभर, कधी त्याहून लांब पसरलेले. जखमेभोवतीचं मांस कापून टाकलं की झालं, ही समजूत तिथंच निकालात निघाली. शॉटगनच्या स्लगचे तुकडे २८. आणि तांब्याच्या गोळीचे? दोन.

ही मोजणी इंडियानाच्या भांडणाच्या सात-आठ वर्षं आधीची. म्हणजे रायफलला विरोध करायला सगळ्यात भक्कम पुरावा विरोधकांच्या हाताशी होता: वेग जास्त, म्हणून तुकडे जास्त, म्हणून ताटात शिसं जास्त. तो कुणी उचलला नाही, कारण ताट विरोधकांचंही होतं. आणि समर्थकांच्याही हाताशी एक चांगला मुद्दा होता. तांब्याची गोळी नीट उमलायला वेग लागतो, तो रायफलमध्ये भरपूर मिळतो. 'रायफल द्या, आम्ही तांबं वापरू' असं म्हणाले असते तर दोन्ही पक्ष गप्प झाले असते. तसं झालं तर सुनावण्या कशाच्या घ्यायच्या?

माणसानं खिमा टाळला तरी गरुडाला टाळता येत नाही. शिकारी हरीण रानातच फाडतो, आतडी-कोथळा तिथंच टाकून येतो. गरुड येऊन ते खातो. अमेरिकेच्या ३८ राज्यांतल्या १२१० गरुडांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेलं शिसं सापडलं. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं संपत आली, तशातली ही कथा. फरक एवढाच की आपण २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. अमेरिकेनं पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला अधिकृत राष्ट्रीय पक्षी ठरवलं, तेही डिसेंबर २०२४ मध्ये. नाण्यांवर, नोटांवर, मुद्रेवर दोनशे वर्षं मिरवल्यावर कागदपत्रं पूर्ण केली. शिशाचं तेवढं राहिलं.

अगदीच कुणी काही केलं नाही असं नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. ओबामांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, १९ जानेवारी २०१७ ला, केंद्राच्या अभयारण्यांमधून शिसं हळूहळू हद्दपार करण्याचा आदेश निघाला. २ मार्चला नवे गृहमंत्री रायन झिंकी घोड्यावर बसून कार्यालयात पहिल्या दिवशी हजर झाले (तिकडे गृहखातं म्हणजे जमिनी, जंगलं आणि जनावरं) आणि दिवस मावळायच्या आत तो आदेश रद्द झाला. सहा आठवडे टिकलेल्या या धोरणाचं निरोपाचं वाहन घोडा होतं, याची नोंद असावी.

वन्यजीव खात्यांना या विषयावर तोंड उघडणं जड जातं, त्याचंही एक कारण आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा कर, आजचा दर ११ टक्के, राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. याच पैशातून संपलेली हरणं परत आली. इंडियानात तर १९०० च्या सुमारास हरीण औषधालाही उरलं नव्हतं. तेव्हा या कराची टिंगल करायची माझी छाती नाही. पण ज्याच्या खिशातून पगार निघतो त्याला 'तुझी गोळी बदल' हे सांगताना आवाज खाली येतो, एवढं समजण्यासारखं आहे.

या प्रकरणाशी पुण्याचा संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. पेन्स यांचं जन्मगाव इंडियानातलं कोलंबस. कमिन्स कंपनीचं मुख्यालयही तिथंच, आणि १९६२ पासून ती कोथरूडमध्ये आहे. त्यामुळे त्या जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या गावात चितळ्यांच्या बाकरवडीचा डबा कुणाच्या तरी घरी सापडतोच. आमचा एक भाचा तिथं आहे. घरामागे सोयाबीन, सोयाबीनमागे झाडी. हरणांनी त्याचे टोमॅटो खाल्ले, झेंडू खाल्ला, आईनं जिवापाड जपून लावून दिलेला अळूही खाल्ला. नोव्हेंबरात तो भगव्या रंगाचं जाकीट घालून फिरायला जातो. "मामा, ते राजकीय नाही हं," त्यानं फोनवर आपणहून खुलासा केला. "गोळी लागू नये म्हणून."

त्याचा शेजारी शिकारी, माणूस सज्जन. बर्फ पडलं की याच्या दारातलंही तोच काढतो. शिकारीनंतर तो भाच्याला हरणाच्या खिम्याची पुडी देतो, आणि भाचा त्यात कोल्हापुरी मसाला घालतो. यंदा भाच्यानं धीर करून विचारलं, तांब्याच्या गोळ्या का नाही वापरत? शेजाऱ्यानं त्याला गॅरेजमध्ये नेलं. रायफल, तिच्यावर रायफलहून महाग दुर्बीण, झाडाला बांधायचे चार कॅमेरे जे हरणाचा फोटो थेट फोनवर पाठवतात, आणि एक छोटी बाटली. बाटलीत काय? मादी हरणाचं मूत. नराला भुलवायला. पंधरा डॉलर. हे सगळं दाखवून झाल्यावर तो म्हणाला, तांब्याचा डबा फार महाग पडतो, दीडपट.

"वर्षाला किती झाडतोस?"

"दोन. फार तर तीन."

भाच्यानं पुढे काही विचारलं नाही; शेजारधर्म असतो. पुडी घेऊन घरी आला. ती आता त्याच्या फ्रीजरमध्ये आहे. पांढरा कागद, त्यावर कसायानं लाल शाईत उठवलेला शिक्का, 'नॉट फॉर सेल'. शिकारीचं मांस विकायला तिथं बंदी आहे, कारण त्याची सरकारी तपासणी झालेली नसते. शेजाऱ्याला आणि गरिबाला फुकट द्यायला मात्र काही हरकत नाही.